बाबांनी न विकलेलं वावर

नोकरीच्या अर्जात मी सगळं खरं लिहीत असे. नाव खरं, गाव खरं आणि जन्मतारीख मास्तरांनी शाळेत लावून दिली तेवढी खरी. पण शिक्षणाच्या रकान्यात लागोपाठ दोन ओळी येत. वरची ओळ: शेतकी महाविद्यालय, दोन वर्षे. खालची ओळ: बी.ए., तत्त्वज्ञान. वाचणारा वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर यायचा, पुन्हा वर जायचा आणि मग चष्मा काढून माझ्याकडे बघायचा. जणू छपाईची चूक समोर खुर्चीत येऊन बसली होती.

त्या बघण्याला उत्तर देण्याच्या नादात मी एका म्हाताऱ्याचं वावर घालवलं. माझं नाही, माझ्या बापाचंही नाही, तिसऱ्याच माणसाचं. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी चारचौघांत अनेकदा सांगितलंय. सांगताना मात्र मी दरवेळी रजिस्ट्रीच्या आधी थांबतो आणि चहा मागवतो. आज थांबत नाही.

आमचं गाव सावनेरपासून कोसभर. बारा एकर काळी जमीन, कापूस आणि तूर, एक बैलजोडी आणि एकुलता एक मी. बाबांनी मला नागपूरच्या शेतकी कॉलेजात घातलं ते याच साध्या विचारानं, की पोरगं शिकून येईल आणि त्याच वावरात त्यांच्यापेक्षा चांगलं काहीतरी करेल. माझ्या मनात नागपूर होतं, आणि नागपुरात सिनेमाची थिएटरं होती.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक वाफा मिळायचा. त्यात पीक घ्यायचं, पाणी-खत-निंदण स्वतः करायचं, शेवटी सरांनी येऊन मार्क द्यायचे. माझ्या वाट्याला वांगी आली. मी रोपं लावली, एकदा पाणी दिलं आणि पुढचं वांग्यांवर सोपवलं. तपासणीच्या आदल्या दिवशी जाऊन पाहिलं तर वाफ्यात हराळी होती आणि एक बेडूक होता. मग मी डोकं लढवलं. एका माळ्याकडून फळं लागलेली पंधरा झाडं उपटून आणली आणि संध्याकाळी ओळीनं रोवून टाकली. काय देखणा दिसत होता वाफा. सकाळी सर आले तोवर पंधराच्या पंधरा झाडांनी माना टाकल्या होत्या. सरांनी वाकून एकेक झाड पाहिलं. मग हळू आवाजात मला विचारलं, "यांच्या घरचं कोणी गेलं का?"

नापास झालो असतो तर पुन्हा बसलो असतो. पण त्या दिवसापासून होस्टेलात, मेसमध्ये, न्हाणीघरात, जिथे जाईन तिथे लोक मला सांत्वनाला भेटू लागले. कॉलेज सोडलं. दुसरीकडे प्रवेशाची मुदत शिल्लक असलेला विषय तत्त्वज्ञान हा एकच होता आणि वर्ग सकाळी अकराला सुटत. एवढ्या कारणावर मी आत्मा, ब्रह्म आणि तर्कशास्त्र यांच्याकडे वळलो.

बाबांना सांगायला एक वर्ष लावलं. ते वखर घेऊन वावराकडे निघाले होते. ऐकून उभे राहिले.

"मंग त्या नव्या शिक्षणात पऱ्हाटीचं काय सांगते?"

"कापसाचं काही नाही सांगत."

"बरं," ते म्हणाले आणि निघून गेले. ओरडले असते तर मी एखाद्या आठवड्यात विसरलो असतो.

पदवी मिळाली ती सत्तरच्या दशकात. नागपूर तेव्हा चारी बाजूंनी वावरांत शिरत होतं. ज्या पांदणीनं बैलगाडी जायची तिथे चुन्याच्या रेघा पडत, दगड रोवले जात आणि ले-आउट तयार. कचेरीतला बाबू दुसऱ्या बाबूला भेटला की आधी प्लॉट घेतला का ते विचारी, मग पोराबाळांचं. तत्त्वज्ञान शिकलेल्यांची गरज कुठेच नव्हती, पण प्लॉट विकणाऱ्यांना माणसं हवी होती. मी तिकडे निघालो.

पहिली मुलाखत एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. त्यांनी विचारलं, विषय का बदलला. मी वांग्यांची गोष्ट खरीखरी सांगितली. ते इतके हसले की शिपायाला आत बोलावलं, कारकुनाला बोलावलं आणि मला म्हणाले, "यांना पहिल्यापासून सांगा." मी पुन्हा सांगितली. चहा मिळाला, सोबत चिवडा मिळाला. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

दुसरी मुलाखत एका दलालाकडे. इथे मी शहाणा झालो होतो. म्हणालो, "मनाचा ओढा तत्त्वज्ञानाकडे होता." तो म्हणाला, "भाऊ, आमचं गिऱ्हाईक तीस बाय पन्नासचा तुकडा पाहायला येते. त्याले तुम्ही जग मिथ्या आहे सांगान तं आमचं कसं होईन?"

तिसरी जागा रामदासपेठेत होती. एका डॉक्टरच्या बंगल्याच्या बाजूच्या दोन खोल्यांत ले-आउट पाडणाऱ्या एका मालकाचं ऑफिस होतं. मालक पन्नाशीचे, पांढरा सफारी, बोलणं मऊ. त्यांनी दोन ओळी वाचल्या, चष्मा काढला. मी तोंड उघडलं आणि कसा कोण जाणे, शब्द आपोआप बाहेर पडले.

"बाबांनी वावर विकलं. मग शेतकी शिकून करायचं काय?"

तर्कशास्त्राच्या सरांनी शिकवलं होतं की विधान खोटं असलं तरी त्यातून काढलेला निष्कर्ष नियमात बसू शकतो. बरोबर बसला. मालक खुर्चीतून पुढे झाले.

"स्वतःच्या मर्जीनं विकलं?"

"हो."

"आता कसे आहेत?"

"सुखात आहेत."

"उद्यापासून या," मालक म्हणाले.

घरी परतताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. आमच्याकडे एखाद्यानं वावर विकलं असं सांगणं म्हणजे त्याची अब्रू काढणं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. गावात कोणी बाबांबद्दल असं म्हणालं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. पण रामदासपेठ गावापासून लांब होती.

मालकांनी मला का घेतलं ते आठ दिवसांत कळलं. मी ऑफिसात बसायचंच नव्हतं. मी त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसून शेतकऱ्यांकडे जायचं. चहा व्हायचा, पाऊसपाण्याचं व्हायचं, मग मालक माझ्या पाठीवर हात ठेवायचे. "हा सावनेरकडचा पोरगा. शेतकी शिकत होता. याच्याच बाबांनी बारा एकर विकलं. विचारा त्याला." आणि मी सांगायचो. वांग्यांची गोष्ट लपवायला मी जी थाप मारली होती, ती सांगणं हाच माझा धंदा झाला. मी ती चांगली सांगत असे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

नागपूरलगतच्या वाडी गावाच्या पुढे, अमरावती रोडला लागून, एका म्हाताऱ्याचं सहा एकर होतं. त्याला मी काकाजी म्हणायचो. एका बाजूला ट्रकवाल्यांची गोदामं आली होती, दुसऱ्या बाजूला आमचाच ले-आउट पडला होता. मधे काकाजींची ज्वारी, बांधावर बोरी आणि बारमाही पाण्याची विहीर. त्यांना कशाची अडचण नव्हती. दोन्ही पोरं नोकरीत होती आणि म्हणत होती, विकून टाका. काकाजी हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. भावाबद्दल त्यांनी कधी घासाघीस केली नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता आणि तो ते मलाच विचारायचे.

"इकल्यावर सकायी उठून मानसानं जावं कुठं गा? तुहे बाबा कुठं जाते?"

पहिल्यांदा मी अडखळलो. मग सांगितलं, देवळात जातात. पुढच्या खेपेला ते म्हणाले, "देवळातून किती वाजता येते?" मला बाबांचा दिवस भरणं भाग पडलं. देवळातून आले की चहाच्या टपरीवर बसतात. पेपर वाचतात. नुसता वाचत नाहीत, चार जणांना मोठ्यानं वाचून दाखवतात. दुपारी झोपतात. चार वाजता बसस्टँडवर जाऊन कोण आलं, कोण गेलं ते पाहतात. काकाजी बारीक डोळे करून ऐकायचे आणि एखाद्या जागी थांबवायचे.

"दुपारी झोप लागते त्याइले?"

"लागते."

"मले नाई लागत," ते म्हणायचे आणि ज्वारीकडे पाहायचे.

दोन महिने हे चाललं. एवढं कळत होतं की सहा एकराचा सौदा माझ्या बापाच्या त्या रचलेल्या दिवसावर अडून आहे. मालकही ओळखून होते. म्हणायचे, "तुमच्या बाबांना एकदा घेऊन या ना इकडे." मी म्हणायचो, "त्यांना प्रवास झेपत नाही." बाबा तेव्हा रोज दोन मैल बैलांमागे चालत होते.

आणि एक दिवस मालकांनी सांगितलं, काकाजी तयार झाले, परवा रजिस्ट्री. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला.

रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली काकाजी धुतलेलं धोतर नेसून बसले होते. पोरं आत मुनशीजवळ. मला पाहून त्यांनी बाजूला सरकून जागा केली.

"भेटून आलो गा तुह्या बाबाले."

मी बसलो तो बसलोच.

"कुठं, काकाजी?"

"सावनेरच्या बाजारात. माह्या साळ्याचं गाव तिकडंच हाय. त्याची नुसती तोंडओळख, त्यानं दाखवून देल्लं. म्या म्हटलं, लेकाच्या तोंडून लय आयकलं, एकदा बापाच्या तोंडून आयकू."

"काय म्हणाले?"

"लय सज्जन मानूस. म्या ईचारलं, वावर इकलं म्हनते पोरगं, खरं काय. उलिसे थांबले. मंग म्हने, हो, इकलं. म्या म्हटलं, देवळात जाता म्हने. म्हने, जातो. पेपर वाचता म्हने. वाचतो म्हने. हातात नवा कासरा होता त्याइच्या. म्या म्हटलं, वावर इकलं तं हे काहाले? तं म्हने, भाच्याच्या बैलासाठी घेतला. चहा पाजला मले. पैसे देऊ नाई देल्ले." काकाजींनी धोतराची कड सारखी केली. "पोरगं खरं बोलते काय, हेबी ईचारलं. तं म्हने, माहं पोरगं खोटं बोलत नाई."

तुम्हाला वाटेल, एवढं ऐकल्यावर माणूस काहीतरी बोलतो. "काकाजी, थांबा," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते थांबले असते, असं आजही वाटतं. पण माझं डोकं दुसरीकडेच धावत होतं. बाबा खोटं बोलले. बाजारात, उभ्यानं, परक्या माणसाजवळ. का बोलले? ते कोडं सुटण्याआधीच बाबूनं आतून नाव पुकारलं, पोरं बापाला धरून आत घेऊन गेली आणि मालकांनी मला हाक मारली, कारण विकणाऱ्याला ओळखणारा साक्षीदार हवा होता. काकाजींनी अंगठा उमटवला. बाजूला मी सही केली. माझी सही तेव्हा फार वळणदार होती.

त्या रविवारी गावी गेलो. दारातच आईनं हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "पोरगी किती शिकली हाय रे?"

"कोणती पोरगी?"

"पाहा कसा इचारते," आई बाबांना म्हणाली. बाबा ओट्यावर बसले होते. चेहरा असा खुललेला मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

"आले होते पोरीवाले," बाबा म्हणाले. "वाडीकडचे. बाजारातच गाठलं मले."

"बाबा, ते..."

"म्या पह्यले समजलोच नाई. मानूस अनोळखी आन् ईचारते वावराचं. सकायी काय करता, दुपारी झोपता काय. पोरगं खरं बोलते काय. सोयरिकीशिवाय कोन ईचारते गा असं? मंग समजलो. आजकाल शयरातल्या पोरी वावरातलं घर पायतच नाई. निंदाले, वेचाले नको म्हनते त्याइचे मायबाप. म्हटलं, पोरानं तसं सांगून ठेवलं दिसते, का जमीन इकली, आता पोरीले काही काम नाई. मंग म्या काहून तुले खोटं पाडू? म्हटलं, हो, इकली." ते थोडे हसले. "जीभ जड झाली म्हना. बारा एकर एका शब्दात इकलं. पन तुहं लगन होत असन तं काय."

आई म्हणाली, "बायाइले घर पाहाले कधी घेऊन येता म्हनून ईचारलं यायनं, तं तो मानूस नुसता पायतच रायला म्हने. लाजाळू असन."

मी आयुष्यात कोणतीही गोष्ट इतकी वाईट सांगितली नाही. मधूनच सुरुवात केली, मागे गेलो, रामदासपेठ आणली, दोन ओळी आणल्या, चष्मा आणला. वांग्यांची गोष्ट घरी कधी सांगितलीच नव्हती, तीही सांगावी लागली. कोणी हसलं नाही. शेवटी बाबांना एवढंच विचारायचं उरलं.

"तो पोरीचा बाप नाई?"

"नाही."

"माह्या सांगन्यावर त्यानं इकलं?"

"हो."

"केवढं?"

"सहा एकर."

"ईहीर?"

"विहिरीसकट."

बाबा उठले, पायात वहाणा घातल्या, अंगणापर्यंत गेले आणि परत आले. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, "उद्या मले तेथं घेऊन चाल."

मी म्हटलं, आता काही होणार नाही, रजिस्ट्री झाली, कागद पक्का झाला. "कागद तुहा," ते म्हणाले. "मी तोंडानं सांगतलं, तोंडानंच जाऊन सांगीन."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघालो. वाडीला उतरलो तेव्हा आठ वाजत होते. मला आशा होती की काकाजी भेटणार नाहीत, वावर आता त्यांचं नव्हतं. ते भेटले. ज्वारीच्या धसकटांच्या मधे विहिरीच्या काठावर, डोक्याला फडकं बांधून, जसे रोज बसत तसे बसले होते. वावरात आमचा सर्वेअर पोचला होता आणि त्याची माणसं पोत्यातून खुंट्या काढून ठेवत होती.

बाबांनी राम राम केला. काकाजींनी ओळखलं, सरकून जागा दिली. बाबा बसले नाहीत.

"म्या वावर इकलं नाई," बाबा म्हणाले. "बारा एकर हाय. तूर उभी हाय. तुमाले म्या खोटं सांगतलं."

काकाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, फार वेळ नाही.

"देवळात जाता ते?"

"दिवाई-दसऱ्याले जातो."

"पेपर?"

"मले वाचता येत नाई."

काकाजींनी मान हलवली, जणू काही किरकोळ चौकशी चालली होती. बाबा मग खाली बसले. सोयरिकीचं कसं समजलो, ते त्यांनी सांगितलं. एक शब्द स्वतःच्या बाजूनं वळवला नाही, माझ्यावर एक शब्द ढकलला नाही. मी उभा होतो. कोणी मला बस म्हटलं नाही.

"मंग तुमी सकायी कुठं जाता?" काकाजींनी विचारलं.

"वावरात."

"मीबी," काकाजी म्हणाले.

त्यानंतर ते दोघं पाण्याबद्दल बोलू लागले. विहीर किती हात, झरा कोणत्या अंगाला, उन्हाळ्यात किती उतरते. मी ऐकत होतो, आणि इतक्यात सर्वेअरनं मला हाक मारली. त्याचा एक माणूस आला नव्हता. मोजणीची फीत धरायला हात कमी पडत होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यानं पुन्हा हाक मारली. काकाजी म्हणाले, "जाय बापा, तुहं काम हाय ते."

मी गेलो. सर्वेअरनं फितीचं टोक माझ्या हातात दिलं आणि कुठे नेऊन धरायचं ते बोटानं दाखवलं. ते विहिरीच्या काठापर्यंत न्यायचं होतं. मी फीत ओढत परत त्या दोघांपाशी आलो, वाकलो आणि जागा शोधू लागलो. बाबांनी आणि काकाजींनी बोलता बोलताच पाय बाजूला घेतले.